अक्कलदाढ काढताना
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण करावयाची सवय नाही. हळदीकुंकवाला उखाणा घेणे निराळे आणि हातात कागद धरून सर्वांपुढे उभे राहणे निराळे. माझ्या माहेरच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती, तेव्हा माझे शिक्षणही तेवढेच. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या दाढेची हकीकत सभेत सांगा," तेव्हा मी ती गोष्ट हसण्यावारी नेली. परंतु गेल्या वर्षात आपल्यापैकी पाच-सहा जणींनी मला कधी भाजीबाजारात, कधी देवळात गाठून एकच प्रश्न विचारला, "वहिनी, दाढ काढताना फार दुखते का हो?" प्रत्येकीला अर्धेमुर्धे सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना नीट सांगावे, म्हणून आज उभी राहिले आहे.

यात एक गोष्ट अशी आहे की जी मी त्या पाच-सहा जणींनाही सांगितलेली नाही. ती ओघाने येईल तेव्हा सांगेन. आताच सांगितली तर पुढचे बोलावयाचा धीर राहणार नाही.

प्रथम अक्कलदाढ म्हणजे काय ते सांगते. आपल्या तोंडात अगदी मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार दाढा सर्वांच्या शेवटी येतात. साधारण सतरा ते पंचवीस या वयात त्या येतात. या वयात माणसाला समज येते, म्हणून त्यांना अक्कलदाढा म्हणतात. कोणाला चारही येतात, कोणाला दोनच, तर कोणाला एकही येत नाही. त्यावरून कोणाची अक्कल मोजू नये. अडचण होते ती जागेची. एस.टी. गच्च भरल्यावर शेवटच्या थांब्यावर चढणाऱ्या माणसाची जी गत होते, तीच या दाढेची. सरळ उभे राहण्यास जागा नसली की ती तिरकी होते, आडवी होते, पुढच्या दाढेवर रेलते, किंवा अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली अशी अडकून बसते. मग त्या हिरडीच्या पदराखाली अन्नाचे कण शिरतात, तेथे ब्रश पोहोचत नाही, आणि आतल्या आत कुजून सूज येते.

अक्कलदाढ दिसली की ती काढलीच पाहिजे असे मात्र नाही. ती सरळ आलेली असेल, स्वच्छ ठेवता येत असेल आणि काही त्रास देत नसेल, तर तिला तशीच राहू द्यावी असे डॉक्टरच सांगतात. वारंवार सूज येणे, पू होणे, दाढ किडणे, किंवा तिच्या रेलण्याने पुढची चांगली दाढ किडणे, अशी कारणे असली तर मात्र ती काढणे बरे.

माझी डावीकडची खालची दाढ अर्धी बाहेर आली होती. ती चांगली वीस वर्षे तशीच होती. अधूनमधून दुखे, मी लवंग धरी, ती थांबे. २०२४ सालच्या श्रावणात मात्र ती जोराने ठणकू लागली. यजमान म्हणाले, "उद्याच दाखवून येऊ." मी म्हटले, "आता सणाचे दिवस. गौरी जेवून जाऊ द्या." गौरी गेल्या. मग पितृपक्ष लागला, त्यात नवे काम कशाला काढा! मग नवरात्राचे नऊ दिवस. मग दिवाळीची साफसफाई. मैत्रिणींनो, घरातल्या मुलाचा दात दुखला असता तर मी त्याला त्याच दिवशी उचलून नेले असते. आपले दुखणे तेवढे कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर ढकलावयाचे, ही आपणा बायकांची रीतच होऊन बसली आहे. या काळात मी काय काय केले तेही ऐका. लवंगेच्या तेलाचा बोळा थेट हिरडीवर दाबून धरला, त्याने हिरडी भाजली. डोकेदुखीची गोळी गिळण्याऐवजी दाढेपाशी धरून ठेवली, त्यानेही कातडी पांढरी पडून सोलवटली. गालाला बाहेरून तव्यावरच्या फडक्याचा शेक दिला, तर सूज कमी होण्याऐवजी वाढली. हे तिन्ही उपाय कोणी करू नयेत म्हणून मुद्दाम सांगते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी चकलीचे मीठ पाहावे म्हणून तुकडा तोंडात घालू गेले, तर तोंडच उघडेना. दोन बोटेही आत जाईनात. गिळताना कानापर्यंत कळ गेली. अंगात ताप होता. तेव्हा कोठे तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात गेले.

तेथील डॉक्टरीणबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. पण बोलणे शांत. त्या पहिल्याने म्हणाल्या, "काकू, श्वास घ्यायला त्रास होतो का? गळ्याखाली सूज उतरली आहे का?" मी नाही म्हटले. मग त्यांनी समजावून सांगितले की, खालच्या दाढेचा पू कधी कधी जिभेखाली आणि गळ्यात उतरतो, आणि मग श्वासाची वाट बंद होऊन जीव धोक्यात येतो. म्हणून हनुवटीखाली किंवा गळ्याला सूज येणे, थुंकी गिळता न येणे, जीभ वर उचलली जाणे, श्वास अडणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की सण असो, थेट मोठ्या इस्पितळात जावे. माझ्या भाषणातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी त्यांनी दाढ काढली नाही. हिरडीखालची घाण औषधी पाण्याच्या पिचकारीने धुतली, पाच दिवसांची औषधे दिली आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. इतकी सूज असताना तोंडच उघडत नाही, शिवाय बधिर करण्याचे औषधही नीट लागू पडत नाही, म्हणून बहुधा आधी सूज उतरवितात. चार दिवसांत मला बरे वाटू लागले. आणि बरे वाटले की आपण पुन्हा गप्प बसतो! पण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते, "औषधाने दाढ सरळ होणार नाही. सूज पुन्हा येईल." म्हणून या वेळी मी दिवस ठरवूनच घेतला.

तत्पूर्वी जबड्याचा फोटो काढतात. त्याला ओपीजी म्हणतात. एका यंत्रापुढे उभे करतात, दातांत एक लहानशी दांडी धरावयास लावतात आणि ते यंत्र डोक्याभोवती फिरते. अर्ध्या मिनिटाचेही काम नाही, आणि दुखत तर मुळीच नाही. मात्र कानातले, नाकातली चमकी, गळ्यातले, सारे काढून ठेवावे लागते, कारण धातूची सावली फोटोत उमटते. मंगळसूत्र काढताना माझा हात अडखळला. तेव्हा माझ्यामागे उभ्या असलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "काढ गं, दोन मिनिटांनी परत घालायचेच आहे." म्हणून निघताना शक्य तो दागिने घरीच ठेवावेत, निदान जवळ एक डबी असावी.

फोटोवर डॉक्टरीणबाईंनी मला माझी दाढ दाखविली. ती पुढच्या दाढेवर आडवी रेलली होती, आणि तिची मुळे एका बारीक नळीजवळ गेली होती. त्या नळीतून खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी शीर जाते. दाढ काढताना त्या शिरेला धक्का लागला तर ओठाची एक बाजू काही आठवडे किंवा काही महिने बधिर राहू शकते. जीभही राहू शकते. हे क्वचित घडते, आणि कायमचे तर फारच क्वचित. पण हे आधी सांगून मगच त्यांनी कागदावर माझी सही घेतली. मला ते बरे वाटले. असा कागद पुढे आला की मुकाट्याने सही करू नये, प्रथम विचारावे.

मग त्यांनी प्रश्न विचारले. रक्तदाब आहे का? मधुमेह? रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे का? (ती असली तर आपल्या मनाने बंद करावयाची नाही, फक्त सांगावयाचे.) कोणते औषध अंगाला मानवत नाही? दिवस गेले आहेत का? हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध घेता का? हा शेवटचा प्रश्न आपल्यातील वयस्कर भगिनींसाठी महत्त्वाचा आहे. त्या औषधांपैकी काहींनी जबड्याची जखम लवकर भरत नाही. सगळ्यांची मी खरी उत्तरे दिली. अखेरीस त्यांनी विचारले, "तंबाखू, मशेरी, काही?"

मी म्हटले, "नाही."

मैत्रिणींनो, हीच ती गोष्ट. मी मशेरी लावीत होते. एक-दोन वर्षे नव्हे, तेवीस वर्षे. माझ्या पहिल्या बाळंतपणात दात फार दुखू लागला, तेव्हा सासूबाईंनी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची चिमूट माझ्या बोटावर ठेवली आणि म्हणाल्या, "जरा घास, बरे वाटेल." त्यांनी ती मायेनेच दिली, त्यांच्या सासूबाईंनी त्यांनाही तशीच दिली असेल. त्या आता नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. पण दात राहिला आणि चिमूटही राहिली. पहाटे सर्वांच्या आधी उठून मोरीत मशेरी लावल्याशिवाय माझे पोट साफ होत नसे. ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिनाची जी फेरी आपल्या मंडळाने काढली होती, तिच्यात पुढचा फलक माझ्या हातात होता, हे आपल्याला आठवत असेल. त्या वेळी मशेरीची डबी माझ्या बटव्यात होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हा माझी मुलगी शेजारी बसली होती. तिच्यादेखत माझ्या तोंडून "होय" निघेना.

असो. आता दाढ काढण्याचा दिवस सांगते.

तो नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघाला. मी उपाशी पोटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काय खाल्लेत?" मी म्हटले, "महालक्ष्मीचा उपवास आहे." त्यांनी मला खुर्चीत बसविलेच नाही. "आधी काहीतरी खाऊन या. पोट रिकामे असले तर चक्कर येईल." मुलीने शेजारच्या दुकानातून राजगिऱ्याचा लाडू आणि दूध आणले. नुसता जबडा बधिर करून दाढ काढावयाची असेल तर हलके जेवून, नेहमीची औषधे घेऊन जावे. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर मात्र ते सांगतील तितके तास उपाशी राहावे लागते. आपले कोणते आहे ते आधीच विचारून घ्यावे. बरोबर कोणीतरी असावे.

खुर्चीत बसले. हिरडीवर जेलीसारखे औषध लावले आणि मग सुई टोचली. येथे खोटे बोलत नाही, सुई टोचलेली कळते. जबड्याच्या मागच्या बाजूला ती थोडी खोलवर जाते, आणि औषध आत जाताना चुरचुरते. पण ते दोन लांब श्वास घेईपर्यंतच. नंतर माझी छाती धडधडू लागली. मी घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी यावे म्हणून औषधात एक दुसरे औषध घातलेले असते, त्याने मिनिटभर धडधडते, मग थांबते." आणि ते थांबलेही. पाच-दहा मिनिटांत ओठाची डावी बाजू आणि अर्धी जीभ जड झाली. आपला ओठ वीतभर सुजला आहे असे वाटते. आरशात पाहावे तर जसाच्या तसा असतो. मग त्यांनी टोकदार हत्याराने हिरडी टोचून पाहिली आणि विचारले, "टोचते का?" टोचत नव्हते, नुसते दाबल्यासारखे वाटे.

हाच फरक नीट समजून घ्यावा. दुखणे जाते, पण दाब आणि हिसका कळतो, आणि आवाजही ऐकू येतो. पुष्कळ जणी त्या आवाजालाच घाबरतात. त्यांनी मला सांगून ठेवले होते, "दुखले तर डावा हात वर करा, मी थांबेन." मी एकदा हात वर केला. त्या खरोखरच थांबल्या आणि थोडे औषध आणखी दिले. तेव्हा दुखत असताना सोसत बसू नये. दात काढावयाच्या खुर्चीत सोशिकपणाचे बक्षीस मिळत नाही.

हिरडीला चीर देऊन, थोडेसे हाड बाजूला करून, त्यांनी दाढ यंत्राने दोन तुकड्यांत कापली. मोठा भोपळा आहे तसा पिशवीतून निघत नाही, फोडी केल्या की निघतो, तसेच ते. कापताना गिरणीसारखा आवाज येतो, गार पाणी उडत असते आणि मदतनीस मुलगी ते नळीने ओढून घेते. 'काड्' असा आवाज आला तेव्हा मला वाटले, जबडाच मोडला. ती दाढ फुटली होती. पाऊण तासात तीन टाके घालून काम झाले. वरची दाढ सरळ असली तर याहून पुष्कळ लवकर निघते. वरची दाढ काढली की नजर जाते असे आपल्याकडे म्हणतात. त्यात काही तथ्य नाही, डोळ्याची शीर निराळी आहे.

आता घरी आल्यावरचे सांगते, कारण निम्मे काम तेथे आपल्याच हाती असते.

जखमेवर कापडी जाळीची घडी ठेवून ती चावून धरावयास सांगतात. ती पाऊण तास ते तासभर घट्ट धरावी. सारखी काढून पाहू नये. पहिल्या दिवशी थुंकी लालसर येते, ते नेहमीचेच आहे. तोंड भरून ताजे रक्त येऊ लागले तर स्वच्छ घडी पुन्हा अर्धा तास घट्ट चावून धरावी, आणि तरीही थांबले नाही तर डॉक्टरांना कळवावे. ओठ तीन-चार तास बधिर राहतो. तोपर्यंत गरम चहा घेऊ नये आणि काही चावून खाऊ नये; आपलाच ओठ भाजला किंवा चावला गेला तरी कळत नाही. दुखण्याची गोळी बधिरपणा उतरण्यापूर्वीच, सांगितल्याप्रमाणे घ्यावी.

पहिले चोवीस तास चूळ भरावयाची नाही, जोराने थुंकावयाचे नाही, नळीने काही ओढून प्यावयाचे नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्त साकळून जी गाठ बसते, तिच्याखाली जखम भरून येते. चोखले किंवा थुंकले की ती निसटते. गालाला बाहेरून फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, तितकाच वेळ काढावा. उशाशी दोन उशा घ्याव्यात. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात हळूच घोळवून सोडून द्यावे. बाकीचे दात घासावेत, जखम सांभाळावी.

खाण्याचे म्हणाल तर गार किंवा कोमट आणि मऊ. मऊ गुरगुट्या भात आणि तूप, मुगाचे पातळ वरण, नाचणीची आंबील, ताक, केळे कुस्करून, रव्याची खीर. तिखट नको. चिवडा, शेंगदाणे, तीळ आठवडाभर तरी नकोत. बारीक कण खड्ड्यात जाऊन बसतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. माझ्या गालात कोणी मोदक ठेवला आहे असे दिसे. हे आधी माहीत असले म्हणजे घाबरणे होत नाही. त्यानंतर ती ओसरू लागली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढू लागली किंवा ताप आला तर दाखवावे.

आणि दोन-तीन दिवस खरोखर विश्रांती घ्यावी. हंडा उचलणे, कणीक तिंबणे, वाकून फरशी पुसणे यांनी रक्त पुन्हा सुरू होते. मी दोन दिवसांचे आधीच सांगून ठेवले होते. यजमानांनी खिचडी केली. खाली लागली होती, पण सर्वांनी निमूटपणे खाल्ली, आणि घर काही कोसळले नाही.

तिसऱ्या दिवशी मला पुष्कळ बरे वाटले. आणि चौथ्या दिवशी पहाटे मी मोरीत जाऊन मशेरी लावली. मनाशी म्हटले, उजवीकडे लावते आहे, डावीकडे कोठे जाते! मग चूळही भरली आणि थुंकलेही.

त्याच रात्री जे दुखू लागले, तसे दाढ काढतानाही दुखले नव्हते, आणि दोन्ही बाळंतपणे झालेली बाई हे सांगते आहे. कान, कानशील, डोळ्यामागे, सगळीकडे ठणका. तोंडाला घाण वास. गोळीने काही होईना. सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच आम्ही पायरीवर जाऊन बसलो.

डॉक्टरीणबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "खड्डा कोरडा पडला आहे. रक्ताची गाठ निघून गेली, हाड उघडे पडले." मग त्यांनी मुलीला बाहेर बसावयास सांगितले आणि मला विचारले, "काकू, आता मला सांगा."

मी सांगितले. सांगताना रडू आले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तंबाखू न लावणाऱ्यालाही होते, त्यामुळे मशेरीनेच झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. पण तंबाखूने त्याचा संभव वाढतो. आणि तुमच्या उजव्या गालाच्या आत पांढुरका चट्टा आहे. तो पाहूनच मी त्या दिवशी विचारले होते. तुम्ही नाही म्हणालात, पण टाके काढताना मी पुन्हा विचारणारच होते." त्यांनी आरसा धरून मला तो चट्टा दाखविला. जेथे मी तेवीस वर्षे चिमूट धरीत होते, नेमका तेथेच. म्हणाल्या, "असे चट्टे पुष्कळदा तंबाखू सोडल्यावर जातात. काही जात नाहीत, आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. तुमचा कोणता ते पाहायचे तर आजपासून मशेरी बंद."

जखम धुऊन त्यांनी औषधाची पट्टी आत भरली. तिचा वास ओळखीचा वाटला. विचारले तर म्हणाल्या, "यात लवंगेच्या तेलातलेच औषध आहे." तेच तेल मी घरी बोळ्याने दाबून हिरडी भाजून घेतली होती, आणि त्यांनी बेताने वापरले तर अर्ध्या तासात मला झोप आली! एक दिवसाआड तीनदा पट्टी बदलली. टाके निघाले. संक्रांतीला मी तिळगूळ खाल्ला, पण उजव्या बाजूने. तो खड्डा पुरता भरून येण्यास काही महिने गेले.

बाहेर आले तेव्हा मुलीला म्हटले, "तुला काही सांगायचे आहे." ती म्हणाली, "आई, मला लहानपणापासून माहीत आहे. वास येतो ना." म्हणजे मी ज्यांच्यापासून लपवीत होते, त्यांना सर्व ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त जिला उपचार करावयाचे होते तिला.

मशेरी सुटली का, असे आपण विचाराल. सुटली, पण एकदम नाही. पहिले पंधरा दिवस डोके दुखे, चिडचिड होई, पोटाची तक्रार होती. पहाटे कोमट पाणी पिऊन अंगणात फेऱ्या घालू लागले, त्याने पोटाचे मार्गी लागले. फाल्गुनात एकदा जावेच्या घरी तिच्या डबीतली लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद केली. त्यानंतर नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पाहिले तेव्हा चट्टा पुष्कळ फिका झाला होता, आणि सहा महिन्यांनी दिसेनासा झाला. तरी दर सहा महिन्यांनी दाखवावयास जाते.

शेवटी दोनच गोष्टी. पैशाची अडचण म्हणून कोणी अंगावर काढू नये. जिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर असतात, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तेथे थोड्या खर्चात काम होते. आणि दुसरी गोष्ट, डॉक्टरांनी विचारले तर खरे सांगावे. आज या सभेत आणखी कोणाकोणाच्या बटव्यात डबी आहे, ते मी विचारणार नाही. मला तेवीस वर्षे कोणी विचारलेले आवडले नसते. पण कोणाला एकटीने दवाखान्यात जाण्याची लाज वाटत असेल, तर दुपारी तीननंतर मी मोकळी असते. मी बरोबर येईन, आणि आत तुम्ही काय सांगितले ते ऐकावयास दाराशी उभी राहणार नाही.

"फार दुखते का?" या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. दाढ काढताना दुखत नाही. आधी दुखते ते आपण दिवस ढकलतो म्हणून. नंतर दोन-तीन दिवस दुखते ते सोसण्याजोगे असते. त्याहून जास्त दुखले, त्यातले पुष्कळसे मी माझ्या हाताने ओढवून घेतले.